लाकडी चॉपिंग बोर्डाला काय लावायचं, कसं लावायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गातल्या आमच्या लहानशा शेडमध्ये फणसाचे आणि सागाचे चॉपिंग बोर्ड बनतात. बोर्ड घरी गेला की साधारण महिन्याभरात फोन येतो, ‘पांढरट पडलाय हो, आता काय लावू?’ तेच तेच प्रश्न आणि त्यांची तीच उत्तरं एकदाची लिहून टाकली आहेत. बोर्ड आमच्याकडचा असो वा नसो, लाकूड सगळीकडे सारखंच वागतं.

काही लावायचंच कशाला? कोरा वापरला तर?

वापरता येतो. आमच्या परसात मासे कापायची आंब्याची फळी आहे, तिला जन्मात तेल लागलेलं नाही. पण तिचं रूपही तसंच आहे. मधोमध खोलगट, कडेला दोन चिरा, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवी.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड उभं असताना त्यातून पाणी चढतं, आणि झाड कापलं तरी नळ्यांची ती सवय जात नाही. बोर्ड धुतला की लाकूड पाणी ओढून फुगतं, वाळलं की आकसतं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत मात्र पडतो. बारा इंच रुंदीची फळी कोकणातल्या जुलैत आणि मग मार्चमध्ये मोजून बघा, दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज सापडेल. ही रोजची फुगण्या-आकसण्याची ओढाताण म्हणजेच पुढे दिसणारा बाक आणि तडा. आधीच तेल भरून ठेवलं की त्या नळ्यांत पाण्याला जागा कमी उरते. बोर्ड वॉटरप्रूफ होत नाही, फक्त पाणी शिरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तुम्ही तो पुसून उभा केलात की काम झालं.

फिनिश म्हणजे पॉलिशच ना? सुतार म्हणतो, मेलामाइन मारून देतो, आरशासारखा चमकेल.

चमकेल, पण किती दिवस?

लाकडाला लावायच्या गोष्टी दोन जातीच्या. काही वर बसतात, काही आत मुरतात. मेलामाइन, पीयू (पॉलीयुरेथेन), लॅकर, वॉर्निश ही सगळी वर बसणारी. दिवाणाला, दाराला, टीपॉयला उत्तम. पण बोर्डावर सुरी चालते, आणि सुरीच्या पहिल्याच घावाला त्या थराला चीर पडते. चिरेतून पाणी आत जातं, वरच्या थरामुळे बाहेर येत नाही, मग थर सुटायला लागतो.

माझा पहिला बोर्ड मी मेलामाइननेच केला होता. फार देखणा झाला होता, शेजारी दाखवून आलो. दीड-दोन महिन्यांनी काकडीची कोशिंबीर खाताना दाताखाली काहीतरी कचकन लागलं. शेंगदाण्याच्या कुटातलं साल असेल म्हणून बाहेर काढलं, तर नखाएवढा पारदर्शक पापुद्रा. उजेडात धरला तर त्यावर सुरीच्या दोन रेघा होत्या. तो बोर्ड अजून आहे, त्यावर आता कुंडी ठेवतो.

सुरी जिथे चालते तिथे मुरणारं फिनिश, इतकं धरून चाला.

मग नेमकं काय लावू? दहा नावं नकोत, एक सांगा.

लिक्विड पॅराफिन आय. पी. (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जाचं) हे मेडिकलच्या दुकानात मिळतं. रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि मुख्य म्हणजे कधीच खवट होत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचं काही देणंघेणं नसतं. परदेशी वस्तूंच्या दुकानात ‘कटिंग बोर्ड ऑइल’ म्हणून छोट्या देखण्या बाटलीत येतं ते बहुतेक वेळा हेच असतं, फक्त भाव वेगळा.

दुकानदार तुमच्याकडे जरा सहानुभूतीने बघेल, कारण हे बद्धकोष्ठाचं औषध आहे. तो आपुलकीने दुधाळ पांढरं पातळ औषध पुढे करण्याचीही शक्यता आहे. त्यात पॅराफिनबरोबर इतर गोष्टी असतात, ते नको. बाटलीवर फक्त लिक्विड पॅराफिन लिहिलेलं, पाण्यासारखं स्वच्छ तेल हवं. हलकं आणि जड असे दोन प्रकार येतात. दोन्ही चालतात, जड जास्त टिकतं.

बेबी ऑइल घेऊ नका, त्यात सुगंध घातलेला असतो. शिलाई मशीनचं तेल तर नकोच. तेही खनिज तेलच, पण ते पोटात जाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं.

पण हे पेट्रोलियमपासून काढतात म्हणे. पोटात गेलं तर?

काढतात खरं. पण आय. पी. दर्जाचं तेल इतकं शुद्ध केलेलं असतं की डॉक्टर ते चमच्याने पाजतात. बोर्डावरून भाजीत जाईल ते त्या चमच्याच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी मनाला पटत नसेल, तर पुढे जवसाचं वाचा.

घरचं घाण्याचं खोबरेल आहे. ते का नको?

हा प्रश्न कोकणातून आणि गोव्यातून हमखास येतो. प्रामाणिक उत्तर असं की स्वयंपाकाच्या तेलांत खोबरेल सर्वांत कमी वाईट. त्यातली बहुतेक चरबी संपृक्त असते, त्यामुळे ते लवकर बिघडत नाही. पण घाण्याच्या तेलात खोबऱ्याचा अंश राहतो आणि शेवटी वास त्यालाच येतो. शिवाय साधारण २४ अंशांखाली ते थिजतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी बोर्डावर पांढरा तवंग दिसतो आणि लोक बुरशी आली म्हणून घाबरतात.

रोज वापरून रोज धुतला जाणारा बोर्ड असेल तर लावा, मी भांडणार नाही. महिनोनमहिने कपाटात पडणारा असेल तर लावू नका.

शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल, करडई?

नाही. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या किटलीकडे बघा. तिच्या चोचीपाशी ओघळ वाळून पिवळट, चिकट थर जमलेला असतो. बोट लावलं की ओढ लागते, नखाने खरवडावा लागतो, वासही खवट. हीच गोष्ट बोर्डाच्या अंगभर झाली असं समजा. ही तेलं धड ओलीही राहत नाहीत आणि धड वाळतही नाहीत, अर्धवट कुठेतरी अडकतात. किटली तारेच्या घासणीने घासता येते. लाकडात दोन मिलिमीटर मुरलेलं खवट तेल काढायचं म्हणजे रंधाच मारावा लागतो.

जवसाचं तेल चालतं असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे, पण त्यात एक घोळ आहे, आणि एक धोका.

जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, लाकडाच्या आतच त्याचं राळेसारखं पक्कं जाळं बनतं. अक्रोडाचं तेल आणि तुंगाचं तेल याच जातीचं. एकदा वाळलं की ते पॅराफिनसारखं धुऊन जात नाही, म्हणून वारंवार लावावं लागत नाही. लाकडाला रंगही सुंदर येतो. फणसाचा हळदी पिवळा मधासारखा गडद होतो. (तो तसाही काही वर्षांनी तपकिरी होतोच.)

घोळ नावाचा आहे. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ मिळतं ते रंगकामाचं. लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. ते बोर्डाला नको. आपल्याला खायचं, कच्च्या घाण्याचं जवस तेल हवं. विदर्भात जवस पिकतं, तिकडच्या घाण्यांवर चांगलं मिळतं. हात अगदी पातळ द्यायचा, अर्ध्या तासाने उरलेलं सगळं पुसून काढायचं, आणि चार-पाच दिवसांनी दुसरा हात. असे तीन हात झाले की बोर्ड महिनाभर वाऱ्यावर ठेवायचा. पावसाळ्यात हे काम काढू नका. हवा दमट असली की तेल वाळता वाळत नाही आणि बोर्ड गोचिडासारखा हाताला चिकटतो.

धोका चिंध्यांचा. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी बोळा करून टाकली तर ती आपोआप पेटू शकते. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, आणि बोळ्यात ती आतल्या आत साठत जाते. आमच्या शेडमध्ये एकदा दुपारी जेवून परत आलो तर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून जळक्या तेलाचा वास येत होता. आत हात घातला आणि झटकन मागे घेतला, मधली चिंधी तव्यासारखी तापली होती. डब्यात बाजूला लाकडाचा भुसा होता. अजून तासाभराने आलो असतो तर हे प्रश्नोत्तर लिहायला शेड उरली नसती. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. चिंधी दोरीवर एकेरी पसरून वाळवायची, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवायची. घरी करत असाल तर हे वाक्य विसरू नका. पॅराफिनच्या चिंधीला हा धोका नाही.

अक्रोडाचं तेल घेत असाल तर घरात कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी नाही ना, ते आधी बघा.

मेण लावतात ते कशासाठी? घरी बनवता येतं का?

तेल आत जातं, मेण तोंडाशी बसतं. नुसतं मेण लाकडात शिरत नाही, म्हणून ते तेलात विरघळवून लावतात. पाण्याचा थेंब त्यावर काही वेळ तरी गोळा होऊन थांबतो, आणि हाताला स्पर्श फार छान लागतो. सुरी मेणाला कापते, पण मेलामाइनसारखा पापुद्रा सुटत नाही, कारण थर म्हणावा असा थरच नसतो.

एक भाग मेण, चार भाग तेल, वजनाने. ५० ग्रॅम मधमाशीचं मेण आणि २०० ग्रॅम लिक्विड पॅराफिन, म्हणजे अंदाजे २३० मिली. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात स्टीलचा डबा आणि डब्यात मेण. थेट गॅसवर कधीही नाही. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पाण्याच्या उष्णतेने ते आरामात होतं. वितळलं की तेल घालायचं, ढवळायचं, रुंद तोंडाच्या बरणीत ओतायचं. निवल्यावर व्हॅसलीनपेक्षा जरा घट्ट होतं. तुमच्या गावी उन्हाळा कडक असेल तर मेण थोडं वाढवा. जळगाव-अकोल्याच्या मे महिन्यात आमचं प्रमाण सैल पडतं असं तिकडच्या दोघातिघांनी कळवलंय.

मेण मधपाळांकडून घ्या. महाबळेश्वर भागात मधाबरोबर मेणही मिळतं. बाजारात मेण म्हणून मेणबत्तीचं पॅराफिन गळ्यात मारतात. खरं मेण तळहातात दाबलं की हळूहळू मऊ होतं आणि त्याला मधाचा वास येतो. मेणबत्तीचं तुटतं.

नव्या कोऱ्या बोर्डाला पहिल्यापासून कसं करायचं?

आधी घासकाम. १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात, मग १८०, मग २२०. घासायचं ते रेषांच्या दिशेने, आडवं नाही. २२०च्या पुढे जाऊ नका. फार गुळगुळीत केलं की छिद्रं बुजतात आणि तेल कमी पितं.

आता जी पायरी सगळे गाळतात ती. ओल्या फडक्याने बोर्ड पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हात फिरवा. एवढं घासूनही तो दोन दिवसांच्या दाढीसारखा खरखरीत लागेल, कारण पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहिलेले असतात. २२०ने हलकेच उतरवा. पुन्हा ओला, पुन्हा वाळवा, पुन्हा उतरवा. हे आत्ता केलं नाही तर पहिल्याच धुण्यात होईल, आणि तुम्ही मला फोन कराल.

भुसा झटकून कोरड्या फडक्याने पुसा. तेल कोमट करा, कोमट तेल पातळ होऊन आत लवकर जातं. ओतून हाताने चोळा. दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना. फक्त वरची बाजू केली तर खालची पाणी पिते आणि बोर्ड वाकतो. बाक आलेल्या बोर्डांपैकी निम्म्यांचं कारण इतकंच असतं.

टोकांवर सर्वांत जास्त. तिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात. डोळ्यांदेखत तेल नाहीसं होतं, परत लावा, परत नाहीसं होतं. पिणं थांबेपर्यंत देत राहा. बारा बाय अठरा इंचाच्या बोर्डाला पहिल्या दिवशी ५० मिलीच्या आसपास तेल जातं, आंब्याच्या लाकडाला त्याहून जास्त. रात्रभर उभा ठेवा, सकाळी वर राहिलेलं पुसा. तीन-चार दिवस हेच. शेवटी मेणाचा एक हात, अर्ध्या तासाने सुती कापडाने चोळून काढा.

परत कधी लावायचं?

पहिला महिना आठवड्यातून एकदा. मग कॅलेंडर सोडा, बोर्डाकडे बघा. पाण्याचे चार थेंब टाका. मोत्यासारखे उभे राहिले तर अजून वेळ आहे, पसरून डाग पडला तर लावा. रोज वापराच्या बोर्डाला साधारण महिन्याने लागतं.

कोणतं लाकूड असेल तर काय?

साग मुळातच तेलकट, त्याला तेल कमी लागतं. पण त्यात वाळूसारखी सिलिका असते, सुरीची धार लवकर जाते. घर सजवायला साग, रोज कांदा चिरायला फणस, हे माझं मत. बाभूळ कठीण आणि टिकाऊ, मात्र लोखंडाशी तिचं वैर आहे, ते खाली सांगतो. आंबा स्वस्त आणि दिसायला रेखीव, पण ओल आणि कीड दोन्ही त्याला लवकर धरतात, त्यामुळे त्याला तेलात चुकारपणा चालत नाही. शिसव छान, परवडत असेल तर. कुठलं लाकूड आहे तेच ठाऊक नसलेल्या फळीचा बोर्ड करू नका. कण्हेरीसारखी विषारी आणि बिब्ब्यासारखी अंगावर उठणारी झाडं आपल्याकडे आहेत.

हळदीचा डाग!

साबण लावला की डाग लाल होतो, घाबरू नका. हळद क्षाराला लागली की तसंच होतं, कुंकू असंच बनवतात. पाण्याने धुवा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवा. ऊन हळदीचा रंग खातं. दुपारच्या उन्हात विसरलात तर डाग जाईल आणि तडा येईल. दोन-तीन सकाळी लागतील. ताज्या ओल्या हळदीचं लोणचं घालायचं असेल तर सरळ स्टीलच्या ताटात चिरा.

विळी ठेवली होती तिथे काळा डाग पडलाय. जळलं का?

जळलं नाही. लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि ओलं लोखंड एकत्र आलं की शाई बनते. पूर्वी शाई खरोखरच अशी करत. बाभळीत टॅनिन भरपूर, तिची साल कातडी कमवायला वापरतात ती त्यासाठीच. डागावर लिंबाची फोड मीठ घेऊन चोळा, दहा मिनिटांनी धुवा, वाळवा, तेल लावा. आणि ओली विळी किंवा कोयता बोर्डावर विसरू नका.

मासळीचा वास जात नाही.

मासळीला बोर्ड वेगळा ठेवा, हा पहिला उपाय. आधी गार पाणी. गरम पाण्याने रक्त आणि चिकटा लाकडातच शिजून बसतो. मग मीठ-लिंबू चोळा, मग साबण आणि पाणी. वाऱ्यावर उभा करून वाळवा. बांगड्याचा वास दुसऱ्या दिवशी जातो, सुकटीचा जात नाही. सुकट बोर्डावर घेऊच नका.

लाकडात जंतू राहतात, प्लास्टिक बरं, असं म्हणतात.

१९९०च्या दशकात अमेरिकेत अन्नातल्या जंतूंचे अभ्यासक डीन क्लाइव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले. लाकडावर टाकलेले जंतू ओलाव्याबरोबर आत ओढले जातात, वर परत सापडत नाहीत आणि हळूहळू मरतात, असं त्यांना आढळलं. सुरीच्या चरांनी भरलेलं जुनं प्लास्टिक मात्र हाताने धुऊन स्वच्छ होणं कठीण गेलं. म्हणून लाकूड आपोआप शुद्ध होतं असं नाही. चिकन कापलेला बोर्ड साबणाने धुवायचाच, आणि त्याच बोर्डावर लगेच सॅलड चिरायचं नाही.

पावसाळ्यात पांढरी-हिरवी बुरशी येते.

बोर्ड आडवा, भिंतीला चिकटून किंवा सिंकशेजारी ओल्यात ठेवला असणार. व्हिनेगरने पुसा, वाळवा, डाग राहिला तर १८०ने घासा, तेल लावा. त्यानंतर कडेवर उभा ठेवा, दोन्ही बाजूंना वारा लागेल असा. आषाढ लागायच्या आधी तेल-मेणाचा एक हात देऊन ठेवलात तर बहुतेक वेळा हा त्रास होत नाही.

लाख लावू का? ती तर खातात.

शुद्ध लाख खाण्यात चालते, गोळ्या-चॉकलेटवर तिचाच लेप असतो. पण तीही वर बसणारी. पाण्याने पांढरी पडते, गरम भांड्याने मऊ होते, सुरीने उडते. शिवाय बाजारच्या तयार फ्रेंच पॉलिशमध्ये राळ आणि रंग असू शकतो. फळांच्या ट्रेला लावा.

बाक आलाय. टाकून देऊ?

थांबा. खोलगट बाजू जास्त सुकलेली असते. ती खाली करून ओल्या फडक्यावर बोर्ड रात्रभर ठेवा, वर वजन. सरळ झाला की उभा ठेवून सावकाश वाळवा, मग सगळ्या बाजूंनी तेल. आरपार तडा गेला असेल तर मात्र सुताराकडे. तड्यात फेविकॉल भरून वापरू नका, तडा तिथेच परत उघडतो.

मुलीला अमेरिकेत पाठवायचा आहे.

पाठवा, पण निघण्याआधी तेल भरपूर पाजून. तिकडे हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी ठाक होते आणि कोकणात वाढलेलं लाकूड पहिल्याच थंडीत टोकाला उकलतं. तिला सांगा, पहिला हिवाळा दर पंधरा दिवसांनी तेल. तिथे औषधांच्या दुकानात ‘मिनरल ऑइल’ म्हणून मागायचं. डिशवॉशरमध्ये एकदाही घालायचा नाही. ऑस्ट्रेलियाला नेत असाल तर लाकडी वस्तू विमानतळावर जाहीर करावी लागते. भोकं किंवा भुसा दिसला तर ते ठेवून घेतात.

आजीचा पोळपाट आहे. त्यालाही हे सगळं?

नाही. पोळपाटावर सुरी चालत नाही आणि रोजचं पीठ, पोळीचं तेल त्याला सांभाळतं. कोरड्या फडक्याने पुसा, भिजत घालू नका. फार कोरडा पडून पांढरट दिसत असेल तर पॅराफिनचे चार-पाच थेंब बोटाने चोळा आणि लगेच पुसून टाका. जास्त झालं की पोळी घसरते, लाटणं नुसतंच गोल गोल फिरतं. पाय हलत असतील तर तेवढे पाचरीने घट्ट करून घ्या.